दोन घरांमधला डबा

रेवा, अर्जुन, तुम्हाला आता दोन घरं आहेत हे तुमच्या आईने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणाले. तुमच्या या शिस्तीच्या आजीला आयत्या वेळी काही सुचत नाही. फोन ठेवून, चष्मा पुसून, पोळ्या लाटायला घेतल्यावर सुचतं. तेव्हा सुचलं ते एवढंच, की लहानपणी मलाही दोन घरं होती, आणि त्याबद्दल मी तुमच्या आईलासुद्धा कधी नीट सांगितलेलं नाही. आमच्या वेळी ही सांगण्यासारखी गोष्ट समजत नसत. आता सांगते. रेवाने वाचावं आणि अर्जुनला वाचून दाखवावं. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण यातली माणसं मराठीत भांडत होती, मराठीत हसत होती, तेव्हा त्यांना मराठीतच राहू दे.

पहिलं घर चामराजपेटेतलं, म्हणजे आईचं माहेर. आईची माणसं मराठीच, पण बेंगळुरात इतकी जुनी, की तुम्ही मूळचे कुठले असं कोणी विचारलं तर ती गोंधळून "चामराजपेटेतले" असं सांगत. घर लांबट होतं, एकामागे एक चार खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. समोर गादीवाला कापूस पिंजायचा, त्याची टंग टंग सकाळी आठला सुरू होई आणि ती ऐकूनच आम्ही शाळेची दप्तरं भरत असू. मधल्या खोलीत अक्काचं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. अक्का म्हणजे आईची मोठी बहीण, एका कन्नड शाळेची हेडमिस्ट्रेस. तिने लग्न केलं नव्हतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. आई तिला अक्का म्हणे, आम्ही भावंडं अक्का म्हणत असू, पोस्टमनही अक्काच म्हणे. परीक्षेचे पेपर ती घरीच छापत असे, त्यामुळे आमच्या घराला कायम दोन वास असत, शाईचा आणि ताज्या दळलेल्या कॉफीचा. आजही कुठे दोन्ही एकत्र आले की मला पटकन सरळ बसावंसं वाटतं.

दुसरं घर जयनगरला, बाबांचं. वरच्या मजल्यावरची एक मोठी खोली, बाहेर गच्ची, आणि इतकी शांतता की स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज खालच्या घरमालकांना जाई. बाबा पुण्याचे. सरकारी कारखान्यात तपासणीचे इंजिनियर होते, आणि आठवड्यातून दोनदा पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन तिथल्या छोट्या कारखान्यांनी बनवलेले सुटे भाग मोजत. मोजणं त्यांच्या अंगात भिनलं होतं. जाडी मोजायचं व्हर्नियर कायम खिशात असे. गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या रोपाची उंची ते दर रविवारी भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवत.

आई आणि बाबा वेगळे का झाले ते मला आजही नीट ठाऊक नाही. आरडाओरडा झाला नाही. एक दिवस आमच्या बॅगा चामराजपेटेत आल्या आणि बाबांच्या जयनगरला गेल्या, एवढंच. त्यानंतर ते एकमेकांशी बोलत नव्हते. आईला तर त्यांना काय म्हणावं हेच कळेना. 'हे' म्हणवत नव्हतं, नाव घ्यायची सवय नव्हती, म्हणून ती "नंदूचे बाबा" असं म्हणू लागली. नंदू माझा धाकटा भाऊ, तेव्हा सात वर्षांचा होता, मी बारा. शनिवारी दुपारी आम्ही दोघं बसने जयनगरला जायचो आणि रविवारी संध्याकाळी परत यायचो.

ही मुलांची ने-आण नीट व्हावी म्हणून अक्काने आधी तिला येत होतं ते केलं. वेळापत्रक छापलं. दोन प्रती, एक इथल्या भिंतीवर, एक तिथल्या. उठणे, अभ्यास, नखे कापणे, पाढे, सगळं रकान्यांत. बाबांनी ते वाचून मला विचारलं, "आणि मी श्वास केव्हा घ्यायचा, ते मागच्या पानावर आहे का?" पण त्यांनी ते भिंतीवर लावलं. नियम पाळण्यात आई-बाबा दोघंही कुणाला हार जाणारे नव्हते, आणि तिथेच घोटाळा झाला. 'महिन्याचा पहिला शनिवार : एरंडेल' असं त्यात होतं. आईने आम्हाला निघण्यापूर्वी तीन वाजता एरंडेल दिलं. बाबांनी पोचल्यावर पाच वाजता दिलं. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. त्या रविवारचं वर्णन मी करत नाही. अर्जुनला ते फार आवडेल आणि मग तो जेवताना सांगत सुटेल.

डबा आला तो या एरंडेलानंतर, आणि चुकून आला. अक्काची एक मैत्रीण जयनगरला राहायची, उमाबाई. तिच्यासाठी आईने कोडबळी तळली होती. कोडबळं म्हणजे तांदळाच्या पिठाचं तिखट, खुसखुशीत कडं, बांगडीसारखं गोल पण लहान. अक्काने ती आपल्या स्टीलच्या डब्यात भरली. झाकणावर तिचं नाव कन्नडमध्ये ठोकून घेतलेलं होतं. "उमाबाईंकडे देऊन मग बाबांकडे जा. सरी?" "सरी," म्हणजे बरं, मी म्हटलं. उमाबाईंच्या दाराला कुलूप होतं. डबा घेऊन आम्ही बाबांकडे गेलो.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"चामराजपेटेहून आलंय."

"कुणी केलंय?"

"आईने."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पूर्ण खरं मी सांगितलं नाही, एवढंच. बाबा बराच वेळ झाकण हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी एक कोडबळं उचललं, खिशातून व्हर्नियर काढलं, जाडी पाहिली आणि खाल्लं. "एकसारखी आहेत," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी ही फार मोठी स्तुती होती.

आता अडचण अशी, की कुणाचंही भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पुण्याला बाबांच्या घरी ती पाळत, चामराजपेटेतही पाळत. रविवारी निघायच्या वेळी बाबा घासलेला डबा घेऊन खोलीभर फिरले. घरात अर्धा पाव, दोन कांदे आणि कारखान्याच्या कँटीनची बिस्किटं. शेवटी त्यांनी डब्यात वाटीभर साखर ओतली. काहीच नसलं की साखर घालतात, तशी.

आईने डबा उघडला आणि ती स्वयंपाकघरातच पाटावर बसली. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "साखर! अक्का, नंदूच्या बाबांनी मला साखर पाठवलीय! मी काय शेजारच्या बिऱ्हाडातली आहे?" कित्येक महिन्यांत ती तशी हसली नव्हती. नंदूही हसायला लागला, कशाला ते न कळता. अक्का मात्र विचारत होती, "पण माझी कोडबळी त्यांच्याकडे गेलीच कशी?" मी अभ्यासाला बसले.

पुढच्या शनिवारी आईला प्रश्न पडला. डब्यातून साखर आली होती, तिची परतफेड करायची तर डबा पुन्हा जाणार, आणि तो रिकामा कसा पाठवायचा? तिने चिरोटे केले. नुसती साखर पाठवल्याचं बाबांच्या मनाला लागलं असावं, कारण त्या रविवारी त्यांनी थालीपीठ करायला घेतलं. पहिलं तव्याला चिकटलं, दुसरं जळलं, तिसऱ्याला त्यांनी व्हर्नियर लावलं. "पाच मिलिमीटर. याच्या वर गेलं की आत कच्चं राहतं," त्यांनी मला समजावलं, आणि वहीत लिहून ठेवलं. यानंतर कोणालाच थांबता येईना. जो आधी थांबेल तो असंस्कृत ठरणार, आणि पुणं बेंगळुराला तशी संधी देईल किंवा बेंगळूर पुण्याला, हे शक्यच नव्हतं. मेतकूट आलं, निप्पट्टू, म्हणजे तांदळाच्या पिठाचे तिखट वडे, गेले. शेंगदाण्याची चटणी आली, अवरेकाळूची, म्हणजे पावट्याची, उसळ गेली. बोलणं अजूनही नव्हतं, पण शुक्रवारपासून आई गुणगुणत असे.

एवढं सगळं चालू असताना नंदू मात्र वाळत चालला होता. ताटावर बसला की "भूक नाही" म्हणायचा. इथेही आणि तिथेही. आईला वाटे बाबा त्याला वेळेवर खायला घालत नाहीत, बाबांना वाटे आई लक्ष देत नाही. मग पुण्याहून बाबांच्या आईचं पत्र आलं. पोराची दोन्हीकडे हेळसांड होते आहे, जूनपासून त्याला इकडे पाठव, शाळेचं मी बघते. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "नीला, तुला काय वाटतं? जूनमध्ये नंदू पुण्याला गेला तर?" मी खिडकीपाशी गेले आणि नंदू नसलेली बस कशी असेल त्याची कल्पना करू लागले. आईलाही आजीने तेच पत्राने कळवलं. त्या आठवड्यात तिचं गुणगुणणं बंद झालं.

आणि मला एक गोष्ट माहीत होती, जी कुणालाच माहीत नव्हती. नंदू खात होता. तो बसमध्ये खात होता. बस लालबाग नावाच्या जुन्या बागेच्या भिंतीला लागली की तो माझ्या मांडीवरचा डबा उघडायचा, पाचही बोटांत कोडबळी अंगठ्यांसारखी घालायचा आणि एकेक कुरतडून संपवायचा. परत येताना थालीपीठ. दोन थांब्यांत दोन थालीपिठं. मी ते सांगितलं नाही, कारण डब्यातलं चोरून खाणं हा गुन्हा आणि मी त्यात सामील.

उघडकीला आलं ते बाबांच्या मोजण्यामुळे. एका रविवारी त्यांनी डब्यात चिठ्ठी टाकली, दोघांमधली पहिलीच: 'कोडबळी अकरा मिळाली. उत्तम.' आई भडकली. "अकरा? मी पंचवीस पाठवली! हे काय टोमणे मारायचे दिवस आहेत?" तिने उलट चिठ्ठी पाठवली: 'थालीपिठं तीन मिळाली. पुष्कळ झाली.' बाबांनी सात केली होती. त्यांनीही चिठ्ठी माझ्यासमोर दोनदा वाचली आणि तशीच डब्यातून परत पाठवली.

अक्काने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. तीस वर्षं वर्गावर उभं राहिलेल्या बाईला आणखी काही लागत नाही. "इथून पंचवीस निघतात, तिथे अकरा पोचतात. मधे कोण असतं?" मी सगळं सांगून टाकलं. अक्का नंदूकडे वळली. "बसमध्येच का रे? इथे ताट वाढलेलं असतं." नंदू खाली बघत राहिला. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. "सरी," अक्का म्हणाली, "मला सांगू नकोस." आणि तिने शाईचा टाक उचलून दोन ओळींच्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक तिने आईच्या हातात दिली, दुसरी बाबांच्या कारखान्याच्या पत्त्यावर पोस्टात टाकली. नोटीस काढल्यासारखा मजकूर होता: शनिवारी साडेतीनची बस, चामराजपेट. तिकीट काढून बसावे. बोलू नये. तिच्या नोटिशीला नाही म्हणायची बाबांचीही छाती नव्हती.

बेंगळुरच्या बसमध्ये बायका पुढे बसतात आणि पुरुष मागे. त्या शनिवारी ही व्यवस्था देवानेच केली असावी. अक्का आमच्याबरोबर चढली आणि मधल्या दारापाशी नंदूला खिडकीशी घेऊन बसली, मी त्यांच्या पलीकडे. मागे वळून पाहिलं तर शेवटून तिसऱ्या बाकावर बाबा, वर्तमानपत्र उलटं धरून. पुढच्या थांब्यावर आई चढली, पदर डोक्यावरून घेऊन, आणि बरोबर आमच्या पुढच्या बाकावर बसली. पुढे या म्हणून कंडक्टर ओरडला, "मुंदे बन्नी, मुंदे बन्नी!" बाबा जागेवरून उठले, गर्दीने त्यांना पुढे ढकललं आणि ते आमच्या पाठीशीच दांड्याला धरून उभे राहिले. नंदू बाहेर बघत होता. त्याला काही दिसलं नाही.

लालबागेची भिंत आली. नंदूने डबा उघडला, बोटांत कोडबळी घातली. अक्काने एक मागितलं, त्याने अंगठ्यावरचं दिलं. मग तिने हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं, पण हेडमिस्ट्रेसच्या आवाजात विचारलं, "बसमध्ये जास्त छान लागतं का रे?"

"हो."

"का?"

"बसमध्ये कुणी विचारत नाही ना."

"काय विचारत नाही?"

"काहीच." त्याने एक कोडबळं संपवलं. "घरी बाबांचं थालीपीठ छान असतं म्हटलं की आई स्वयंपाकघरात निघून जाते. तिकडे आईचं छान म्हटलं की बाबा रेडिओ लावतात. म्हणून मी सांगतो, भूक नाही."

आईची पाठ माझ्यासमोर होती. ती हललीसुद्धा नाही. मागे बाबांचं वर्तमानपत्र खाली पडलं होतं आणि ते उचलत नव्हते. शेजारच्या फुलवाल्या बाईने काय झालं म्हणून विचारलं, "एन आयतु?" आणि अक्का तिला म्हणाली, "एनिल्लम्मा, काही नाही, शाळा सुटली." मग ती उभी राहिली. "इळिरि! उतरा सगळे." सगळे म्हणजे कोण हे नंदूला खाली उतरल्यावर कळलं.

लालबागेतल्या मोठ्या खडकावर आम्ही पाचजण बसलो. ऊन कोवळं होतं, खाली मुलं पतंग उडवत होती. डबा मध्ये. शेवटी बाबांनी एक कोडबळं उचललं आणि अंगठ्याने चाचपलं.

"यावेळी जाडी कमी आहे."

"मोजलीत वाटतं?" आई म्हणाली.

"सवय."

"आणि चव?"

"ती मोजता येत नाही. चांगली आहे."

हे त्यांचं आठ महिन्यांतलं पहिलं संभाषण, कोडबळ्याच्या जाडीबद्दलचं. नंदू एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत होता. मग त्याने एक धाडस केलं, ज्याचं मला आजही कौतुक वाटतं. आईकडे रोखून बघत तो म्हणाला, "बाबांचं थालीपीठ खूप छान असतं."

तिथे स्वयंपाकघर नव्हतं. असतं तरी, मला वाटतं, ती गेली नसती. "असेल," आई म्हणाली. "मला कुठे मिळालं? चार तर तू खाल्लीस, उरलेली तीन अक्काने संपवली."

"अल्ल, नाही!" अक्का म्हणाली. "दोन!"

नंदू बाबांकडे वळला. "आणि आईची कोडबळी."

"आईची कोडबळी," बाबा सावकाश म्हणाले, "पीण्यातल्या कुठल्याही कारखान्याला जमणार नाहीत." आणि सगळ्यांत आधी आई हसली. नंदूने उरलेली सगळी कोडबळी खाल्ली, सर्वांसमोर, एकही न लपवता. बाबा ती मोजत होते हे मी पाहिलं. नऊ.

पुण्याला जाण्याचं तिथेच मिटलं. बाबांनी आपल्या आईला लिहिलं, नंदू मे महिन्यात आंबे खायला येईल आणि जूनमध्ये परत जाईल. ते पत्र त्यांनी आधी आईला वाचायला दिलं. तिने एक शब्द बदलला. त्यानंतर दर शनिवारी चार वाजता खडकावर अर्धा तास 'सभा' भरायची. अक्का विषयपत्रिका छापून आणायची, कारण वेळापत्रकाचा पराभव ती विसरली नव्हती. नंदूचे दात, माझं गणित, सहलीची परवानगी, आणि एरंडेल कोणाकडे. जुन्या भांडणाला त्या कागदावर जागा नव्हती. कुणी काढलंच तर अक्का म्हणे, "स्वल्प थांबा, हे कितव्या क्रमांकावर आहे?" आणि ते कुठल्याच क्रमांकावर नसे. मी अकरावीला जाईपर्यंत ही सभा भरत होती.

आई-बाबा पुन्हा एकत्र आले नाहीत. तुम्ही हा प्रश्न विचारणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते. मीही काही वर्षं वाट पाहिली, मग एक दिवस लक्षात आलं की आपण वाट पाहायचं विसरून गेलो आहोत. माझ्या लग्नात दोघं शेजारी उभे होते आणि मुंडावळ्या कुणी बांधायच्या यावरून नाही, तर जेवणात थालीपीठ ठेवावं की नाही यावरून वाद घालत होते. नंदूमामा आज केवढा आहे ते तुम्ही बघताच. त्याला बसमध्ये खाण्याची सवय अजून आहे.

अक्का गेली तेव्हा तिचा डबा माझ्याकडे आला. मागच्या खेपेला तुमच्या आईबरोबर मी तो तुमच्यासाठी दिला होता, बेसनाचे लाडू भरून, आणि सांगितलं होतं की हा दोन्ही घरी न्यायचा. परवा तुमच्या बाबांचे एक मित्र इथे आले, कामासाठी, आणि त्यांनी एक पुडकं माझ्या हातात दिलं. आत डबा. झाकणावरची कन्नड अक्षरं आता बोटालाच कळतात, डोळ्यांना नाही. चिठ्ठी नव्हती. डबा उघडला तर आत वाटीभर साखर.

मी पाटावर नाही, खुर्चीत बसले, गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत. पण हसले तेवढीच. तुमच्या बाबांना ही रीत तुमच्यापैकी कुणी सांगितली, की त्यांच्या आईने कधीतरी शिकवली होती, ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. डबा घासून, पुसून ओट्यावर ठेवला आहे. मित्र गुरुवारी परत निघणार आहेत. काय खावंसं वाटतं ते दोघांनी बुधवारपर्यंत कळवा, आणि बाबांना काय आवडतं तेही विचारून कळवा.